पान चौदा

रविवार, ३ फेब्रुवारी २०१९, दुपार

मामा,

तुमच्या परवानगीवाचून तुम्हाला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. सव्वा वर्ष तुम्ही माझा फोन उचललेला नाही, त्याअर्थी माझे काही ऐकण्याची तुमची इच्छा नाही, हे न कळण्याइतकी मी अजाण नाही. परंतु फोन वाजला की माणसाला तो बंद करण्याचे तरी कष्ट पडतात. पत्राचे तसे नसते. ते न फोडता फळीवर ठेवून देता येते. तेवढी सोय तुम्हाला राहावी म्हणून हा मार्ग निवडला. मायना म्हणून आधी ‘तीर्थरूप’ लिहिले आणि खोडले, कारण तो शब्द वाचून तुम्ही “आल्या मोठ्या मास्तरीणबाई” असे म्हणाल, अशी भीती वाटली. नुसते ‘मामा’ लिहिण्याचा हक्क तरी उरला आहे की नाही, हे मला ठाऊक नाही.

मी बरी आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या गोदामाची भिंत लागते, त्यामुळे उजेड वरून येतो आणि दहा ते बारा एवढाच वेळ टेबलावर थांबतो. घरमालकीणबाई माझ्याशी चिठ्ठ्यांतून बोलतात. ‘पाणी सातपर्यंतच’ अशी एक चिठ्ठी जिन्यात कायमची चिकटवलेली आहे. काल साबण आणायला गेले असता दुकानदाराने काय हवे म्हणून विचारले आणि माझा आवाजच फुटेना. मग लक्षात आले की शुक्रवारी कार्यालयातून निघाल्यापासून मी एकही शब्द उच्चारलेला नव्हता. थंडीत उभी राहिलेली गाडी पहिल्या सेल्फला सुरू होत नाही, तसे झाले.

कार्यालयाविषयी तुम्हाला पूर्वी सांगितले होतेच. आम्ही सहा जण आहोत. जुन्या गाड्यांचा कार्ब्युरेटर काढून त्या जागी बसवायची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची पेटी साहेबांनी स्वतः तयार केली आहे. तिच्याबरोबर जाणारे सर्व कागद, पुस्तिका आणि पत्रके मराठीत लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. त्या एका पत्रकाविषयी तुम्ही मला फोनवर विचारले होते. तेव्हा मी जे उत्तर दिले, त्यात आजही बदल नाही.

सध्या वितरक निवडण्याचे काम चालू आहे. तुमचे गाव आणि त्याभोवतीचा सगळा टापू मिळून एकच वितरक नेमायचा आहे. पंधरा तारखेला, शुक्रवारी, करारावर सह्या व्हायच्या आहेत. अर्ज तपासून नाव सुचवण्याची जबाबदारी साहेबांनी माझ्यावर टाकली आहे.

एक विचारायचे होते. पाण्याच्या सांध्याच्या आट्यांवर आपण पांढरी टेप गुंडाळत असू. ती कुठे गुंडाळू नये, असे काही असते का?

हा प्रश्न खोडणार होते. राहू देते.

बुधवार, ६ फेब्रुवारी, जेवणाची सुट्टी

रविवारचे पत्र टाकले नाही. त्याच्यापुढेच लिहिते.

आमच्याकडे वितरक निवडण्याची एक पद्धत आहे. अर्जदाराचे दुकान किती मोठे, हे साहेब शेवटी पाहतात. प्रत्येक अर्जदाराला एक पेटी आणि माझी पुस्तिका पाठवायची. त्याने ती एखाद्या जुन्या गाडीवर बसवून महिनाभर चालवायची आणि पेटीतले कार्ड, भरलेला अहवाल जोडून परत करायचे. इंजिन किती वेळा सुरू झाले, किती तापले, किती पेट्रोल प्याले, हे सगळे त्या कार्डावर आपोआप नोंदले जाते. अर्जदारांना ते सांगितलेले नसते.

अर्ज तीन होते. एकाने खिळे ठोकलेले खोके न उघडताच परत केले आणि वर लिहिले, ‘माल उत्तम’. साहेब म्हणाले, “याला निदान लाज तरी आहे, खिळा उपटून पुन्हा ठोकला नाही.”

दुसरे अर्जदार तुमच्या गावच्या मोठ्या रस्त्यावरचे शोरूमवाले. तुम्ही त्यांना ओळखता. त्यांचा अर्ज टंकलिखित होता, ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती, आणि साठ पेट्या कायम साठ्यात ठेवण्याची तयारी होती. अहवालात पाचशे किलोमीटर आणि ‘पूर्ण समाधानकारक’. कार्डावर मात्र इंजिन चालल्याची वेळ एकूण अकरा मिनिटे आहे. एवढ्या वेळात गाडी शोरूमच्या फाटकातून बाहेर पडून परत आत आली असेल.

तिसरा अर्ज बाजारामागच्या टायरवाल्यांचा. वहीच्या पानावर, पेनाने. त्यांच्या कार्डावर तेवीस दिवस आहेत, सहाशे बारा किलोमीटर. पहिले चार दिवस तापमानाची रेघ खाली पडून राहिलेली आहे. इंजिन तापतच नाही, आणि पेट्रोल मात्र दीडपट. पाचव्या दिवशी सकाळी रेघ एकदम उभी राहते आणि पुढे शेवटपर्यंत जिथे असावी तिथे असते. अहवालात शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले आहे: ‘पान १४ चुकीचे. सेन्सरच्या आट्यांवर टेप लावली की अर्थिंग तुटते. पेटीला इंजिन गारच वाटते, ती पेट्रोल ओतत राहते. टेप काढून तांब्याचा वायसर टाकला. आता ठीक. पान लिहिणाऱ्याने एकदा हात काळे करावेत.’

अक्षर टायरवाल्यांचे आहे. वाक्ये त्यांची नाहीत.

रविवार, १० फेब्रुवारी, सकाळ

आज उजेड टेबलावर आहे तोवर खरे लिहिते.

त्या कार्डावर आणखी एक गोष्ट आहे. तेवीसही दिवस सकाळी इंजिन सुरू होते, बंद होते, पुन्हा सुरू होते, बंद होते, आणि तिसऱ्यांदा सुरू झाले की मगच गाडी हलते. “एकदा सुरू होते ती नशिबानं, दुसऱ्यांदा होते ती सवयीनं, तिसऱ्यांदा झाली तर आपलं काम,” असे तुम्ही म्हणत असा. साहेबांना मी तो आलेख दाखवला तेव्हा ते म्हणाले, कुणीतरी वेडा असावा. मी आलेखाची घडी घातली. गॅरेजच्या वरच्या खोलीत अकरा वर्षे मी त्या तीन आवाजांनी जागी झाले आहे. आई गेल्यावर तुम्ही मला आणलेत, त्या पहिल्या सकाळीही मी त्यांनीच जागी झाले होते आणि घाबरून खाली आले होते. तेव्हा तुम्ही लांब पेचकसाचे टोक इंजिनावर आणि मूठ माझ्या कानाला लावून म्हणाला होतात, “ऐक, आत काय चाललंय ते.”

आता टेपेविषयी. इंजिनातल्या पाण्याचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरला एकच तार असते आणि वीज परत जाते ती त्याच्या आट्यांतून इंजिनाच्या धातूत, हे मला ठाऊक नव्हते. मला एवढेच ठाऊक होते की पाण्याचा सांधा उघडा ठेवू नये. म्हणून मी पान चौदावर लिहिले: ‘आटा ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने टेपेचे अडीच वेढे द्यावेत.’ साहेबांनी कार्यालयातल्या इंजिनावर सेन्सर स्वतः बसवला, पुस्तिका न वाचता, त्यामुळे तिथे टेप नव्हतीच. कुणालाही मी विचारले नाही. विचारायला लाज वाटली. वर्गात कायम पहिली येणाऱ्या मुलीने काय विचारायचे?

अडीच वेढे हे जगातल्या कोणत्याही पुस्तकात नाही, मामा. तुमच्याखेरीज ते कुणी म्हणत नाही. म्हणजे पान चौदा वाचताक्षणीच तुम्हाला ते कुणी लिहिले हे कळले असणार. हे माझ्या ध्यानात काल रात्री नव्हे, परवा नव्हे, आज ही ओळ लिहिताना आले.

आणखी एक गोष्ट बुधवारी लिहायची टाळली. साहेबांना मी नाव सुचवले ते कार्डे उघडण्याच्या आधी, आणि ते शोरूमवाल्यांचे. टायरवाल्यांच्या अर्जावर तुमच्या गावाचे नाव, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेले दुकान, हे पाहिले आणि मी तो गठ्ठ्याच्या तळाशी घातला. त्या गावाशी माझा पत्रव्यवहार सुरू होऊ नये, एवढाच विचार होता. शोरूमवाल्यांच्या करारात त्यांनी एक कलम घालून घेतले आहे: पेटी बसवणे आणि दुरुस्त करणे त्यांच्याच कार्यशाळेत; टापूतल्या दुसऱ्या कोणत्याही मेकॅनिकला सुटा भाग मिळणार नाही. ते कलम मीच टंकले. टंकताना सुटा भाग नाही म्हणून तुमच्या फाटकातून परत पाठवावी लागणारी गाडी मला दिसली नाही असे म्हणाले तर ते आणखी एक खोटे होईल.

बुधवार, १३ फेब्रुवारी, जेवणाची सुट्टी

आज सकाळी साहेबांच्या टेबलावर दोन्ही आलेख ठेवले. ते चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहत राहिले.

“पान चौदा कुणी लिहिलं?”

“मी.”

“कुणाला विचारून?”

“कुणालाच नाही. मला येतं असं वाटलं.”

“येतं ते नळाचं. हा सेन्सर आहे.” मग म्हणाले, “आणि मी न वाचता खाली सही केली. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे आपण दोघे.”

मला नोकरीवरून काढतील असे वाटले होते. त्यांनी तसे केले नाही. आतापर्यंत एक्केचाळीस पेट्या या पुस्तिकेसह बाहेर गेल्या आहेत. त्या प्रत्येक गाडीमालकाला मी स्वतःच्या हाताने पत्र लिहायचे, चूक कुणाची ते लिहायचे, आणि सोबत तांब्याचा वायसर घालायचा. आठ पत्रे झाली. स्टोअर सांभाळणारे आजोबा वायसर मोजून देताना म्हणाले, “पेटी आपली कानामागून आली आणि तिखट झाली. पण पोरी, वेळेला कान आधीचाच उपयोगी पडला हो.” ते सहज बोलले, त्यांना काही माहीत नाही. मी वायसर घेतले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले.

शोरूमवाल्यांचे नाव मी मागे घेतले. साहेब म्हणाले, शुक्रवारी तो माणूस यायचाच आहे, त्याला अकरा मिनिटांविषयी आपण विचारू. पण टायरवाल्यांना एजन्सी द्यायची तर त्यांना इंजिनातले काय कळते? ज्याने पेटी बसवली, त्याचे नाव करारात हवे आणि त्याची सही हवी. तांत्रिक प्रमुख म्हणून. बसवणारा कोण, हे त्यांनी विचारले. टायरवाल्यांना विचारून सांगते, असे मी म्हणाले.

पाहा, पुन्हा तेच केले.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी, संध्याकाळ, कार्यालयातच

सगळे गेले आहेत. खालच्या चाचणीच्या इंजिनाचा गारठताना टिकटिक असा आवाज येतो आहे, तेवढीच सोबत.

शोरूमवाले सकाळी आले. अकरा मिनिटांचा विषय निघताच हसून म्हणाले, “अहो, चालवायला माणसं आहेत, मी विकायला आहे.” वर आणखी म्हणाले की साठऐवजी शंभर पेट्या ठेवतो. साहेबांनी त्यांना नाही म्हटले नाही. गुरुवारपर्यंत, म्हणजे एकवीस तारखेपर्यंत, थांबा म्हणाले. तोवर टायरवाल्यांकडून सहीचा कागद आला नाही तर करार शोरूमवाल्यांशी, त्या कलमासह. सहा माणसांचे कार्यालय शंभर पेट्या किती दिवस नाकारणार, हे मलाही कळते.

दुपारी टायरवाल्यांना फोन केला. मी कोण, हे त्यांना माहीत नाही. कंपनीच्या बाई, एवढेच. मोकळा माणूस आहे, मागे हातोडीचे ठोके चालू होते आणि ते त्या आवाजाच्या वर ओरडून बोलत होते. पेटी बसवणारा कोण, असे विचारताच त्यांनी तुमच्याविषयी सांगायला सुरुवात केली आणि मी कुणा परक्या माणसाची माहिती ऐकावी तशी ऐकत राहिले. सध्या दिवसाला एखादीच गाडी येते. डाव्या गुडघ्यामुळे गाडीखाली जाता येत नाही, पण कान अजून तल्लख आहे. पेटी पाहून आधी तुम्ही नाकच मुरडले, मग दोन दिवसांनी स्वतःच खोके उघडून बसलात.

मी पान चौदाविषयी विचारले. चूक आधीच लक्षात आली होती का?

“अहो, टेप हातात घेतानाच म्हणाले, हे चालायचं नाही. मी म्हटलं, मग लावता कशाला? तर म्हणाले, लिहिलंय तसं करू. चार दिवस देऊ तिला.”

टायरवाल्यांना वाटले, ‘तिला’ म्हणजे पेटीला.

मग मी सहीचे विचारले. ते म्हणाले, ते कालच विचारून झाले आहे. बसवणाऱ्याला पुढे करावे लागेल असा त्यांचा अंदाज होताच. तुम्ही म्हणालात, पेटी चांगली आहे, बनवणारा हुशार आहे. पण ज्या कंपनीने पत्रक छापून मला बहिरा ठरवला, तिच्या कागदावर सही करणार नाही. टायरवाले म्हणाले, “बाई, तुम्हीच काहीतरी करा. त्यांच्याशिवाय मी एजन्सी घेऊन काय करू? मला फक्त हवा भरता येते.”

मी म्हणाले, बघते.

शनिवार, १६ फेब्रुवारी, सकाळ

मामा, ‘मेकॅनिकच्या कानावर गाडी सोपवण्याचे दिवस संपले’ हे वाक्य मी लिहिले.

तुम्ही फोनवर एकच प्रश्न विचारला होता, “हे तू लिहिलंस?” आणि मी म्हणाले होते, नाही, छापखानेवाल्यांनी घातले. तुम्ही “बरं” म्हणालात. त्यानंतर तुमचा आवाज मी ऐकलेला नाही. या पत्राच्या पहिल्या पानावर, त्या उत्तरात बदल नाही, असे लिहिले आहे; ते पान काढून टाकावे असे वाटले, पण काढले नाही. दोनदा खोटे बोलले, हे तुम्हाला कळलेले बरे.

ते वाक्य साहेबांनी मागितलेले नव्हते. त्यांनी सांगितले होते, पेटीचे चार फायदे लिही. चार फायदे लिहून झाल्यावर पान थोडे रिकामे राहिले, आणि मला ते वाक्य सुचले, आणि ते मला सुंदर वाटले. त्याचा ताल सुंदर आहे, असे वाटून मी ते दोनदा मोठ्याने वाचलेदेखील. ते कुणाविषयी आहे, हा विचार मनात आला नाही असे नाही. आला. नव्या ठिकाणी मला कुणी गॅरेजमधली मुलगी म्हणू नये, अशी माझी इच्छा होती, आणि त्या वाक्यामुळे कुणी म्हणणार नाही, असे वाटले. कुणी म्हटलेही नाही. इथे मला कुणी काहीच म्हणत नाही.

तेव्हा कंपनीने तुम्हाला बहिरे ठरवलेले नाही. ते मी केले. पत्रक आता नव्याने छापले जात आहे, त्यात ते वाक्य नाही. काढून टाकायला साहेबांना एक मिनिट लागले, मला सव्वा वर्ष लागले.

आज सुट्टी असूनही साहेब कार्यालयात येतात, म्हणून सकाळी लवकर जाऊन त्यांना सांगितले की पेटी बसवणारा माणूस माझा मामा आहे. त्यांनी कराराचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, “उद्या शोरूमवाला बोंब मारेल, भाचीनं मामाला एजन्सी दिली. त्याला उत्तर एकच. त्या टापूचं काम तुझ्याकडे राहणार नाही. पत्र नाही, फोन नाही, तक्रारीचा कागदसुद्धा तुझ्या टेबलावर येणार नाही. करार संपेपर्यंत. पाच वर्षं आहेत, विचार कर.”

विचार करायचा काय होता? मी हो म्हणाले. तुम्ही सही केलीत तर पुढची पाच वर्षे त्या पेट्यांविषयी तुमच्याशी दुसरे कुणीतरी बोलेल. ते गृहस्थ सज्जन आहेत, हळू बोलतात, आणि न कळलेले विचारतात. माझे अक्षर पाहण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही. घरचे म्हणून मी लिहिलेच, तर ते आजच्यासारखेच न फोडता ठेवता येईल.

सहीचा कागद सोबत जोडला आहे. तुमच्या नावाची जागा मी कोरी ठेवली आहे. ते नाव माझ्या हाताने लिहिण्याचा धीर झाला नाही. ते कलम काढले आहे. नव्या करारात टापूतल्या कोणत्याही मेकॅनिकला सुटे भाग मिळतील आणि ते बसवायला तुम्ही शिकवाल, असे लिहिले आहे. आणि पान चौदा तुमच्या शेऱ्यातल्या शब्दांतच छापायला गेले आहे, फक्त पहिले आणि शेवटचे वाक्य वगळून. शेवटचे वाक्य कापून मी माझ्या टेबलासमोर लावले आहे. सोमवारपासून जेवणाच्या सुट्टीत चाचणीच्या इंजिनावर काम करू द्या, असे मी साहेबांना विचारले. ते म्हणाले, आधी कपडे जुने आण.

नाही म्हणायचे असेल तर ते मला म्हणा. त्या कागदाला म्हणू नका, त्याचा काही अपराध नाही. सही करून तो टायरवाल्यांकडे द्या, ते पोचवतील; मला काही लिहू नका. मी वाट पाहणार नाही, असे लिहिणार होते. पण खोटे लिहायचे नाही असे सकाळीच ठरवले आहे.

गुडघ्याला शेक देत जा.

तुमची भाची

मुख्य टपाल कार्यालय, खिडकी क्रमांक दोन, रजिस्टर्ड टपालाने. शनिवार, १६ फेब्रुवारी २०१९, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे.